केऑट्रोपिक रसायने आणि ब्लीच

संपादक महोदय,

डीएनए वेगळे करण्याच्या पद्धतींवरील आपल्या पुरवणीतील लेखात काही दुरुस्त्या हव्यात. शेवटची तातडीची आहे.

केऑट्रोपिक म्हणजे प्रथिनांची घडी उलगडणारी रसायने, जसे युरिया आणि ग्वानिडिनियमचे क्षार. 'केऑट्रोपिक रसायने पाण्याची रचना मोडतात, म्हणून प्रथिने उलगडतात' हे स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत सापडते, पण ते अपुरे आहे. २००३ साली फेम्टोसेकंद (अतिसूक्ष्म काळाच्या स्पंदांच्या) लेसरने घेतलेल्या मोजमापांत परक्लोरेट या केऑट्रोपिक आयनाचा परिणाम त्याला लगटलेल्या पाण्याच्या पहिल्या थरापलीकडे आढळला नाही. युरिया तर पाण्याच्या हायड्रोजन बंधांच्या जाळ्यात सहज सामावतो. तो थेट प्रथिनाच्या साखळीला बिलगतो, त्यामुळे उलगडलेले रूप प्रथिनाला परवडू लागते. प्रत्येक बिलगणे दुबळे, म्हणूनच ६ ते ८ मोलर इतके दाट द्रावण लागते. ग्वानिडिनियम या धन आयनाच्या बाबतीत जोडीचा ऋण आयनही निर्णायक असतो: थायोसायनेट क्लोराइडपेक्षा जहाल, तर सल्फेट प्रथिनाला उलट स्थैर्य देते. संशोधक हॉफमाइस्टर यांनी १८८८ मध्ये प्रथिनांवरील परिणामानुसार क्षारांचा जो क्रम मांडला, त्याच्याशी हे जुळते.

लेखात ८ मोलर युरिया 'गरम करून' विरघळवायला सांगितला आहे. लिटरला सुमारे ४८० ग्रॅम युरिया लागतो, तो विरघळताना द्रावण गार पडते आणि गरम करण्याचा मोह होतो. पण उष्णतेने युरियापासून सायनेट बनते, ते प्रथिनातील लायसिन या अमिनो आम्लाला चिकटते आणि प्रत्येक ठिकाणी ४३ डाल्टन वजन वाढवते. मग रेणूंचे वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीचे निष्कर्ष फसतात. द्रावण कोमटच ठेवावे, त्याच दिवशी वापरावे. पाणीही आधी पुरे लिटरभर ओतू नये. एवढा युरियाच साडेतीनशे मिलिलिटरहून अधिक जागा व्यापतो.

आता तातडीची गोष्ट. 'सांडलेले सगळे ब्लीचने पुसावे' हा सल्ला ग्वानिडिनियम थायोसायनेट असलेल्या लायसिस बफरला (पेशी फोडणाऱ्या द्रावणाला) लावू नये. ब्लीचशी त्याची गाठ पडली की हायड्रोजन सायनाइड, सायनोजेन क्लोराइड असे विषारी वायू सुटू शकतात. डीएनए धरून ठेवणाऱ्या सिलिका कॉलममधून खाली आलेल्या द्रवातही हा क्षार भरपूर असतो, हे विसरले जाते. सांडलेला द्रव टिपून घ्यावा आणि जागा डिटर्जंट व पाण्याने धुवावी. नमुना संसर्गजन्य असेल तर ती नीट धुतल्यानंतरच सौम्य ब्लीच लावावे. टाकाऊ द्रव ब्लीच नसलेल्या, नाव लिहिलेल्या वेगळ्या बाटलीत जमा करावा.

— जीवरसायनशास्त्राचे काही अध्यापक