ट्रेलर मागे असताना सगळं ‘डी’वर सोडू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’वर, म्हणजे गिअर तिचे तिनेच निवडायचे अशा स्थितीत, ठेवून ट्रेलर जोडला की चढावर इंजिन ओरडतं आणि तुझा जीव वरखाली होतो, असं लिहिलंयस. अरे, ओरडू दे त्याला! खरी काळजी तू जाता जाता लिहिलेल्या दुसऱ्या गोष्टीची कर: गाडी सारखी गिअर बदलत राहते.

मंद चढ लागला की बघ काय होतं. गाडी सहाव्यात असते, वेग पडतो, तू पाय दाबतोस, ती पाचव्यात उतरते. वेग आला की पुन्हा सहावा, पुन्हा दम संपला. या प्रत्येक उलाढालीत टॉर्क कन्व्हर्टरचं, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचं, लॉक सुटत असतं. लॉक बसलेलं असताना इंजिन आणि गिअरबॉक्स एकसंध फिरतात. ते सुटलं की ताकद तेलामार्फत जाते, त्यात थोडी वाया जाते, आणि वाया गेलेली सगळी उष्णता त्याच तेलात मुरते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची वाट लागते ती बहुतेकदा या तापण्यानं. तेल ८०-९५ अंश सेल्सिअसला असलं तर निर्धास्त राहा. १२०च्या वर रेंगाळायला लागलं की त्याचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

म्हणून निघतानाच टो-हॉल मोडचं, म्हणजे ओझं ओढण्यासाठीच्या मोडचं, बटण दाब. त्यात गाडी वरचा गिअर उशिरा टाकते आणि घेतलेला गिअर धरून ठेवते. तरीही चाळा थांबला नाही, तर गिअर हातानं निवडायच्या मॅन्युअल मोडमध्ये जाऊन वरचे एक-दोन गिअर बंद कर; जुन्या चार गिअरच्या गाडीत ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बंद करायचं बटण याचसाठी असतं. पाय तळाला न टेकवता ज्या गिअरमध्ये वेग टिकतो, तो तुझा गिअर. पेट्रोल इंजिन लांब चढावर साडेतीन-चार हजार आरपीएमला (मिनिटाला इतक्या फेऱ्या) फिरलं तर फिरू दे, लाल रेषेपासून, म्हणजे इंजिनाच्या कमाल मर्यादेपासून, ते लांबच आहे. डिझेलची ताकद खालच्या आरपीएमलाच असते, त्याला एवढं पळवावं लागत नाही. वरच्या गिअरमध्ये धापा टाकत रेटणं मात्र दोघांनाही मानवत नाही.

आता उतार. गिअर माथ्यावरच, उतार सुरू व्हायच्या आत खाली घे. वेग वाढल्यावर मागशील, तर आरपीएम हाताबाहेर जाईल म्हणून गाडी तो द्यायचीच नाही. मग आधी ब्रेकनं वेग पाड, नंतर गिअर. ब्रेकवर पाय ठेवून घसरत उतरू नकोस. एकदा नीट दाब, वेग पुरेसा पाड, सोड, थंड होऊ दे. डिझेलमध्ये थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) सोडल्यावर गाडीला मागे खेचणारी इंजिनाची ओढ पेट्रोलपेक्षा कमी लागते, म्हणून एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकरवी वेग पाडणारा) असेल तर तो चालू ठेव. आणि चढउताराच्या रस्त्यावर वेग आपोआप कायम ठेवणारा क्रूझ कंट्रोल नकोच. त्याला पुढचा चढ दिसत नाही. वेग पडला की तो नुसता थ्रॉटल देतो, आणि पुन्हा तीच गिअरची उलाढाल.

बाकी, तुझ्या गाडीच्या डिस्प्लेवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दिसतं का? बऱ्याच गाड्यांत ते मेनूत कुठेतरी दडलेलं असतं. शोध, आणि पुढच्या चढावर काटा कुठवर जातो ते कळव. ट्रेलरचं भरलेलं वजनही लिही, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर मोठा हवा का ते बोलता येईल.

तुझाच,
जुना सोबती