खालच्या मजल्यावरच्या काकांना, माझ्या गाडीच्या मंद हेडलाइटबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपले आभार मानायला मी दोनदा घरी आले आणि दोन्ही वेळा "अगं, काम तूच केलंस," असे म्हणून आपण विषय बदललात. म्हणून आता लिहूनच मानते. पत्र उघडे ठेवते आहे, कारण मंद हेडलाइट घेऊन रात्री गाडी चालवणारे पुष्कळ लोक असतील आणि आपण मला जे शिकवलेत ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

त्या रात्रीचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. रस्त्यावर दिवे नव्हते, समोरून एकही गाडी येत नव्हती, आणि तरीही गडद कपड्यांतला सायकलस्वार मला इतका उशिरा दिसला की गाडी त्याच्यापासून जेमतेम दोन हातांवर थांबली. त्याला काही झाले नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी १०० वॉटचे बल्ब आणायला निघाले असताना आपण जिन्यात भेटलात. उभी हयात मोटारींच्या वायरिंगमध्ये घालवलेला माणूस समोर आहे म्हणून मी विचारले की कोणते बल्ब घेऊ. आपण बल्बाचे नाव सांगितले नाहीत, उलट मलाच विचारलेत, "आहे त्या बल्बपर्यंत किती व्होल्ट पोचतात, मोजलेस का?" मी तोवर मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचे यंत्र, हातात धरलेला नव्हता.

त्या संध्याकाळी आपण गाडीजवळ खुर्ची टाकून बसलात आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हाती दिलात. आपण स्वतः अर्ध्या तासात केले असते ते काम मला करू देण्यासाठी आपण तीन संध्याकाळी तिथे बसून राहिलात. या पत्रातले सर्वांत मोठे आभार त्या संयमाचे आहेत.

सुरुवातीला आपण माझ्याकडून बल्बचा होल्डर काढून घेतलात आणि त्याच्या प्लास्टिकवरचा तपकिरी डाग दाखवलात. ५५ वॉटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर विद्युतप्रवाह घेतो, १०० वॉटचा आठांहून अधिक मागतो, आणि वायरीत व होल्डरमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण मला समजावलेत. म्हणजे जो होल्डर आधीच भाजलेला आहे त्याला सुमारे तिप्पट उष्णता सोसावी लागली असती. शिवाय प्रवाह वाढला की वाटेतली व्होल्टची गळतीही वाढते, त्यामुळे इतके करूनही हवा तेवढा प्रकाश मिळाला नसताच. मी त्या दिवशी ते बल्ब बसवले असते तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनात येतो.

मग मोजमाप. इथे मी केलेली चूक मुद्दाम लिहिते, कारण नवखा माणूस बहुधा हीच चूक करील. मी होल्डर बल्बपासून सोडवला, मल्टिमीटरच्या दोन सुया त्याच्या पट्ट्यांना लावल्या आणि १४ व्होल्ट दिसल्यावर वायरिंग उत्तम आहे असे जाहीर केले. आपण शांतपणे म्हणालात, "नळ बंद असताना गंजलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पुरेपूर दिसतो. नळ सोडून बघ." होल्डर पुन्हा बल्बला जोडून, इंजिन आणि दिवे चालू ठेवून, मागच्या बाजूने वायरीच्या पट्टीला सुई टेकवली तेव्हा खरा आकडा दिसला. बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते, डाव्या बल्बवर १२.३ आणि उजव्या बल्बवर फक्त ११.७. सव्वादोन व्होल्टांहून अधिक दाब बॅटरी आणि उजव्या बल्बच्या मधल्या दोन-अडीच मीटरांत नाहीसा होत होता.

तो आकडा मला फारसा मोठा वाटला नव्हता. त्यावर आपण वहीत जे लिहून दिलेत ते पान मी जपून ठेवले आहे. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, तो साधारण ३.४ व्या घाताने कमी होतो. व्होल्ट दहा टक्के घटले तर प्रकाश सुमारे तीस टक्के घटतो. या हिशेबाने माझा उजवा दिवा, त्याला बॅटरीचे पूर्ण व्होल्ट मिळाले असते तर जेवढा प्रकाश पडला असता, त्याच्या जेमतेम निम्मा प्रकाश देत होता. मी नवा उजेड विकत आणायला निघाले होते आणि गाडीतला अर्धा उजेड वाटेतच हरवत होता. हे मला कोणत्याही दुकानात कळले नसते.

गळती नेमकी कुठे आहे हे शोधायची आपली पद्धत मला फार आवडली. एक सुई बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी चालू बल्बच्या धन पट्टीला लावायची. जो आकडा दिसेल तीच त्या बाजूची गळती. मग तसेच ऋण टोक आणि बल्बची अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या ऋण बाजूची, पट्टी यांच्यामध्ये मोजायचे. धन बाजूला दोन्ही दिव्यांना १.३ व्होल्ट आले. अर्थच्या बाजूला डावीकडे ०.५ आणि उजवीकडे १.१ आले. दोन्ही बाजूंची बेरीज आधीच्या तुटीशी तंतोतंत जुळली, तेव्हा आपल्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते मी विसरणार नाही. (काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो आणि तिथे हा हिशेब वेगळा लागतो, म्हणून आधी गाडीचा वायरिंगचा नकाशा बघ, हेही आपण बजावले होते.)

अर्थचे काम सर्वांत सोपे निघाले आणि त्याचा परिणाम सर्वांत जास्त जाणवला. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवून, दिव्याच्या मागचा अर्थचा बोल्ट काढला तर खाली रंगाचा थर आणि गंज होता, आणि थिंबलवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, हिरवट भुकटी साचली होती. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, थिंबल नवे दाबून बसवले, बोल्ट घट्ट केला आणि वरून ग्रीस लावले. एवढ्यानेच अर्थच्या बाजूची गळती दोन्हीकडे ०.१ वर आली.

धन बाजूची गळती मात्र स्वच्छतेने जाणारी नव्हती. माझ्या गाडीत दोन्ही दिव्यांचा सगळा प्रवाह बॅटरीकडून डॅशबोर्डखाली, तिथल्या स्विचमधून, आणि बारीक वायरीने पुन्हा पुढे असा लांबचा फेरा मारून जात होता. रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच; तो लावल्यावर डॅशबोर्डच्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ प्रवाह जातो आणि बल्बला लागणारा प्रवाह बॅटरीकडून जाड वायरीने थेट मिळतो, हे तत्त्व आपण एका वाक्यात सांगितलेत. करायला मात्र मला एक पूर्ण संध्याकाळ लागली. रिलेच्या तळाशी छापलेले चार आकडे आता मला पाठ आहेत: ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० वर बॅटरीकडून येणारी वायर, ८७ वरून बल्बकडे जाणारी. डिपरसाठी (खाली झुकलेल्या, जवळच्या प्रकाशासाठी) एक रिले आणि अप्परसाठी (दूरच्या प्रकाशासाठी) दुसरा, प्रत्येकाला स्वतंत्र १५ अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीपासून अगदी जवळ. मी पहिला फ्यूज रिलेपाशी बसवला होता. आपण तो काढायला लावलात, कारण बॅटरी आणि फ्यूज यांमधली वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर तिला वाचवणारे काहीच नसते. भाजलेले होल्डर बदलून चिनी मातीचे बसवले. ज्या गाड्यांत दिव्यांवर संगणकाची देखरेख असते त्यांत असली जोडणी स्वतः करू नये, हा आपला इशाराही इथे नोंदवते.

बल्ब बदलण्याबद्दल फार लिहीत नाही. जुन्या बल्बांची काच आतून काळवंडली होती, म्हणून दोन्ही एकदम बदलले, त्याच जातीचे आणि त्याच वॉटचे. काचेला बोट न लावता, कारण बोटाचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर डाग धरतो आणि बल्ब लवकर जातो. मात्र जुना बल्ब माझ्या तळहातावर ठेवून आपण जे दाखवलेत ते सांगायलाच हवे. आत दोन बारीक तारा आणि त्यांतल्या डिपरच्या तारेखाली छोटीशी धातूची वाटी. मागच्या परावर्तकाचा प्रत्येक वळसा ती तार नेमकी कुठे आहे हे धरून घडवलेला असतो, आणि ती वाटीच समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा प्रकाश अडवते. म्हणूनच हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात एलईडी बल्ब नुसता खोचला की गाडीपुढचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो, पण दूरचा प्रकाश विस्कटतो आणि समोरचा चालक दिपतो. अनेक देशांत ते बेकायदाही आहे. जवळचा झगझगाट डोळ्यांच्या बाहुल्या आकसवतो आणि दूरचे अंधूक दिसणे आणखी कमी होते, हे आपले वाक्य ऐकल्यावर मी एलईडीचा विचार कायमचा सोडला.

काचेचे काम मी एकटीने केले, पण पद्धत आपलीच होती. हेडलाइटची काच म्हणजे खरे तर पॉलिकार्बोनेट प्लास्टिक, त्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असतो आणि तो थर उन्हाने खराब झाला की काच पिवळी व धूसर होते. धूसरपणा बाहेरचा आहे की आतला, हे बघायला आपण काचेवर फक्त पाणी ओतायला सांगितलेत. पाणी असेपर्यंत काच पुष्कळ स्वच्छ दिसली, म्हणजे दोष बाहेरचा होता. भोवतीच्या रंगावर चिकटपट्टी लावून आधी १०००, मग २०००, मग ३००० नंबरचा वॉटर पेपर, सतत पाणी घालत, आणि दर वेळी घासण्याची दिशा बदलत. पहिल्या पेपराबरोबर पिवळट दुधासारखे पाणी वाहू लागले आणि काच आधीपेक्षाही वाईट, दुधी दिसू लागली, तेव्हा मी घाबरून वर आपल्या खिडकीकडे पाहिले. "थांबू नकोस, जुना थर पूर्ण निघू दे," एवढेच आपण म्हणालात. पॉलिश केल्यावर काच खरोखर पारदर्शक झाली. त्यावर अतिनीलरोधक क्लिअर कोट मारल्याशिवाय काम संपले असे मानायचे नाही, नाहीतर काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो, हा टप्पा मी आपल्या सांगण्यामुळेच टाळला नाही. टूथपेस्टने चमक येते ती याच कारणाने टिकत नाही.

आणि शेवटी दिशा. मला वाटले होते की आता काम झाले, पण आपण गाडी सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरांवर उभी करायला लावलीत, टायरमधली हवा तपासलीत आणि स्वतः चालकाच्या जागी जाऊन बसलात, म्हणजे गाडीवर नेहमीसारखे वजन येईल. दिव्याच्या मध्याची उंची ६५ सेंटिमीटर भरली. भिंतीवर त्या उंचीला चिकटपट्टी लावली, आणि डिपरच्या प्रकाशाची वरची कड दहा मीटरांवर तिच्या खाली दहा सेंटिमीटर, म्हणजे एक टक्का उतार, अशी यायला हवी होती. माझ्या एका दिव्याची कड तीस सेंटिमीटर खाली होती आणि दुसऱ्याची चिकटपट्टीच्याही वर. पहिल्याचा हिशेब आपण माझ्याकडूनच करवून घेतलात: तीन टक्के उताराने ६५ सेंटिमीटरांवरून निघालेली कड सुमारे २२ मीटरांवर रस्त्याला टेकते, आणि ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी तेवढे अंतर एका सेकंदात कापते. एक टक्का उतार असेल तर तीच कड ६५ मीटरांवर टेकते. दुसऱ्या दिव्यामुळे मला समोरून येणारे चालक वारंवार अप्पर मारून का दाखवत होते, हेही तेव्हा उमगले. मला दिसत नव्हते आणि मी त्यांना दिपवत होते, दोन्ही एकाच गाडीतून. पाठीमागचे दोन स्क्रू थोडे थोडे फिरवून कडा जुळवायला वीस मिनिटेही लागली नाहीत.

काका, सायकलस्वार दिसला होता त्या रस्त्यावरून मी आता आठवड्यातून तीनदा जाते. रस्त्याची कड, कडेचे दगड, चालणाऱ्या माणसांचे पाय, हे सगळे मला ब्रेक दाबायला पुरेसा वेळ मिळेल इतके आधी दिसते. आपण मला एखादा बल्ब सुचवून मोकळे होऊ शकला असता आणि मी त्याचेही आभार मानले असते. आपण मात्र तीन संध्याकाळी खर्च करून मला मोजायला शिकवलेत, चुका करू दिल्यात आणि त्यांतली एकही गाडीत शिल्लक राहू दिली नाहीत. याबद्दल मी मनापासून आपली ऋणी आहे.

पहिल्या पावसानंतर जोडण्या पुन्हा मोजून आकडे कळव, असे आपण सांगितले होते. काल रात्री मोजले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट आहेत. एकूण गळती डावीकडे ०.३ आणि उजवीकडेही ०.३. अर्थच्या बोल्टवर गंज नाही. मल्टिमीटर पुसून ठेवला आहे, रविवारी सकाळी परत आणून देते.

आपली कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची शेजारीण