सूचना : गोदामावरच्या कॅमेऱ्यांची दुरुस्ती

सर्व कास्तकार सभासदांना राम राम.

येत्या रविवारी सकाळी 8 पासून गोदाम आणि वजनकाट्यावरचे कॅमेरे बंद राहतील. सोयाबीन यायच्या आधी हे काम उरकायचं आहे. रेकॉर्डिंग नसल्यानं त्या दिवशी कोणी माल आणू नये, उचलूही नये.

सगळेच कॅमेरे नवे घ्या असं काहींचं म्हणणं आहे. आधी वायरिंग तपासू, मग बोलू. काट्यावरचा कॅमेरा चांगलाच निघाला. बिघाड केबलच्या टोकाच्या प्लगात होता, त्या आरजे-45 कनेक्टरच्या पिना पावसाच्या पाण्यानं हिरव्या पडल्या होत्या. मागच्या गेटची केबल 100 मीटरच्या वर गेली आहे, एवढ्या लांब सिग्नल नीट पोचत नाही, म्हणून तिथं मधात नेटवर्क स्विच (सिग्नल पुढं पाठवणारा डबा) बसवू. रात्री चित्र पांढरं येते ते कोळ्याच्या जाळ्यानं, त्याला फडकं पुरे.

- एनव्हीआरची (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याची) हार्ड डिस्क बदलणार. जुनं फुटेज हवं असल्यास शनिवारी संध्याकाळपर्यंत पेनड्राइव्ह घेऊन ऑफिसात या.
- पासवर्ड बदलेल. तो फक्त सचिवांकडे राहील, कोणी मागू नये.
- कॅमेऱ्याच्या बोर्डावर मोबाईल चार्जिंगला लावू नका. किती वेळा सांगायचं!
- उंच शिडी लागेल. ज्यांच्याकडे असेल त्यांनी चौकीदाराला कळवावं.