झोहराच्या बांगड्या

रामेश्वरम

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘दर्शन झालं का?’ विचारलंस, मी ‘झालं’ म्हणून ठेवून दिला. सकाळी बावीस तीर्थांची स्नानं झाली, रामनाथस्वामींचं दर्शनही झालं. तुझी आई दमून झोपलीय. मला झोप लागेना, म्हणून लिहितोय.

दुपारी डॉ. कलामांच्या स्मारकात गेलो. ३० जुलै २०१५ रोजी पेइकरुंबूच्या ज्या जागी त्यांचं दफन झालं, तिथेच डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेनं ते दोन वर्षांत उभं केलं. प्रवेशद्वार इंडिया गेटच्या धर्तीवरचं, घुमट राष्ट्रपती भवनासारखे. शाळेची पोरं रॉकेटांच्या प्रतिकृतींपासून हलत नव्हती. मला वीणा वाजवणारा त्यांचा पुतळा आवडला.

पण खरा जीव अडकला तो मशीद रस्त्यावरच्या त्यांच्या घरात. जुनं, चुना-विटांचं घर. वर आता संग्रहालय आहे. लोक फोटो बघत पुढे सरकत होते आणि मी मात्र हे घर कुणाकुणाच्या खांद्यावर उभं होतं, तेच मनात मोजत होतो. वडील जैनुलाबदीन, होड्या बाळगणारे. चुलतभाऊ शमसुद्दीन, पेपर वाटणारा. दुसऱ्या महायुद्धात गाडी रामेश्वरमला थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले पेपरांचे गठ्ठे गोळा करायला त्यानं लहानग्या कलामांना हाताशी घेतलं. त्यांची पहिली कमाई ती. हे तू शाळेत वाचलं असशील.

झोहराचं आठवतंय का? ही त्यांची बहीण. कलामांचा मद्रासच्या एमआयटीत, इंजिनिअरिंगला, नंबर लागला, पण प्रवेशाला हजारेक रुपये हवे होते आणि तेवढे वडिलांकडे नव्हते. झोहरानं सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. स्वतःच्या कमाईतून त्या सोडवायच्या, असं कलामांनी तेव्हाच मनाशी ठरवलं. त्यांच्या आत्मचरित्रात हे दोन-चार ओळींतच येतं. १९८० च्या जुलैत कलामांच्या नेतृत्वाखाली बनलेल्या एसएलव्ही-३ रॉकेटनं रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. तिथवरच्या वाटेत त्या बांगड्याही होत्या, हे मला त्या जिन्यात उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं.

आणि मला तुझी आत्या आठवली.

तुला हे कधी सांगितलं नाही. आत्याला दहावीला माझ्यापेक्षा चांगले मार्क होते. तिला शिक्षिका व्हायचं होतं. आप्पांना दोघांचं शिक्षण झेपत नव्हतं. डी.एड.चा फॉर्म तिनं भरलाच नाही. ‘मला नाही शिकायचं,’ म्हणाली. मी डिप्लोमाला कराडला गेलो आणि ती शिलाई मशीनवर बसली. माझ्या मेसचे पैसे दर महिन्याला यायचे, ते ब्लाउज शिवून साठवलेले असायचे. नोकरी लागली, घर झालं, तू झालीस. दरवर्षी भाऊबीजेला साडी दिली, ओवाळणी घातली आणि फिटलं असं धरून चाललो. ‘तुला खरंच शिकायचं नव्हतं का गं?’ एवढं विचारायला मला तीस वर्षं धीर झाला नाही. उत्तर ठाऊक होतं म्हणून असेल.

तुझं पदवीपत्र आलं तेव्हा तिनं ते दोन्ही हातांत धरून किती वेळ वाचलं होतं, आठवतं? तुला वाटलं, तिला इंग्रजी वाचायला वेळ लागतोय.

इथल्या बाजारातून तिच्यासाठी एक शंख घेतलाय. भाऊबीजेला गावी जाणार आहे, यावेळी दोन दिवस आधीच. तिला ते विचारणार आहे. तू बरोबर असलीस तर मला बोलता येईल. सुट्टी मिळते का बघ.

तुझा,
बाबा