शिष्यवृत्तीचा हिशेब ‘निरंक’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलीच्या बी.एस्सी.च्या प्रवेशावेळी शासकीय महाविद्यालयाने पूर्ण फी भरून घेतली. शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्यांकडून आधी फी घेऊ नये, अशी परिपत्रके वरचेवर निघतात. खिडकीवर मात्र ‘आता भरा, स्कॉलरशिप आली की परत मिळेल’ हेच ऐकावे लागते. पुढे महाडीबीटीवर (राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) तिच्या अर्जासमोर ‘फंड डिस्बर्स्ड’, म्हणजे रक्कम वितरित, असे दिसू लागले. कॉलेजात विचारले, तर ‘अजून यादी लागली नाही’. चार खेपा झाल्या.

शेवटी कॉलेजचे संकेतस्थळ उघडले. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ प्रमाणे १७ बाबी स्वतःहून जाहीर करायच्या असतात. बारावी बाब अनुदान कार्यक्रमांची: रक्कम किती, वाटप कसे, लाभार्थी कोण. त्या रकान्यात एकच शब्द होता, ‘निरंक’. त्याच संकेतस्थळावर नॅकला, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेला, पाठवलेला अहवालही आहे. त्यात पाचव्या निकषाखाली सरकारी शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्यांचे वर्षवार आकडे ऐटीत छापले आहेत. म्हणजे ग्रेडसाठी लाभार्थी शेकड्यांनी, आणि हिशेब विचारला की एकही नाही!

योजना शासनाच्या विभागाची, आमची नव्हे, असे कॉलेज म्हणेल. पण आमची फी कॉलेजनेच घेतली, पावतीही कॉलेजचीच आहे. परत करायची कोणी?

नोटीस बोर्डावर दर तिमाहीला एक तक्ता लावला तरी पुरे: योजना, मंजूर अर्ज, रक्कम कोणत्या तारखेला जमा झाली, किती जणांना फी परत केली, किती शिल्लक. मुलांची नावे आणि जाती भिंतीवर नकोत, अर्ज क्रमांक चालेल. हप्ता सरकारकडूनच थकला असेल तर तेही त्यात दिसेल. प्रवेश, परीक्षा आणि शिष्यवृत्ती अशी तीन टेबले सांभाळत पालकांची बोलणी खाणाऱ्या त्या एकट्या क्लार्कलाही जरा उसंत मिळेल. त्याच्यावर माझा राग नाही.

मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. टीसीसाठी तिला ग्रंथालयापासून प्रयोगशाळेपर्यंत ‘नो ड्यूज’च्या सह्या गोळा कराव्या लागतील. कॉलेजकडे आमचे बाकी आहे, त्या कागदावर सही कोण करणार?

– एक पालक, जि. सोलापूर