रबरी टिपा कानात बसत नाहीत, म्हणून बेस जातो: इअरबड्सबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: टिपा व नळीच्या मापातील दोष आणि खोक्यावरील चुकीची माहिती

महोदय,

आपल्या रबरी टिपांच्या इअरबड्समध्ये बेस, म्हणजे खालचे घुमणारे स्वर, येत नाही, असे कळवल्यावर ग्राहक सेवेने तीन उपाय सुचवले: फॅक्टरी रिसेट, फर्मवेअर अपडेट आणि अ‍ॅपमधला ‘बेस बूस्ट’. तिन्ही करून झाले. डाव्या-उजव्या बडची जोडणी तुटली असेल, तर रिसेटने ती जुळते. टिप आणि कान यांच्यामधली फट त्याने बुजत नाही. दोष टिपांमध्ये आणि टिप जिच्यावर चढते त्या नळीमध्ये आहे.

पडताळणी सोपी आहे. आवाज मध्यम ठेवून आधी 1000 हर्ट्झचा आणि मग 50 हर्ट्झचा, म्हणजे अगदी खालचा, सलग स्वर वाजवावा. 50 चा स्वर जेमतेम ऐकू येतो. आता बड बोटाने हलकेच आत दाबून धरला की तोच स्वर भरून येतो, बोट काढताच पुन्हा विरतो. ड्रायव्हर, म्हणजे बडमधला छोटा स्पीकर, बिघडलेला असता, तर नुसत्या दाबण्याने एवढा फरक पडला नसता. खालच्या स्वरांसाठी बड आणि कानाचा पडदा यांच्यामधली हवा कोंडलेली राहावी लागते. बारीक फट राहिली तरी तो दाब निसटतो. वरच्या स्वरांना फटीचा फारसा त्रास होत नाही, त्यामुळे ड्रमचा ठोका पुसट होतो आणि ‘स’, ‘श’ कानाला टोचू लागतात. मग माणूस आवाज वाढवतो, आणि टोचणे आणखी वाढते. ‘बेस बूस्ट’ म्हणजे पंक्चर ट्यूबमध्ये हवा भरत राहणे: ड्रायव्हर जास्त हलतो, आवाज फाटतो, बॅटरी लवकर उतरते आणि बेस तिथेच राहतो.

आता मापे. सोबतच्या तीन टिपांचा बाहेरचा व्यास 11.5, 12 आणि 12.5 मिलिमीटर भरतो. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाला वेगळे माप म्हणता येत नाही. एकाच माणसाचे दोन कानही सारखे नसतात, त्यामुळे निदान एकेक मिलिमीटरच्या फरकाची चार मापे हवीत. नळी इतकी आखूड आहे, की टिप कानाच्या तोंडाशीच थांबते; बोलताना किंवा चावताना जबडा हलला की सुटते. नळीच्या टोकाची कड इतकी उथळ आहे, की बड काढताना टिप कानातच राहते. ही गोष्ट केवळ गैरसोयीची नाही, धोक्याचीही आहे. त्यातच दाब मोकळा करणारे बारीक छिद्र आतल्या अंगाला आहे. लहान कानात ते कातडीने झाकले जाते, आणि बड घालताना ड्रायव्हरचा पडदा दबून ‘टिक्’ असा आवाज येतो.

याच कंपनीचा बिनटिपांचा बडही आम्ही शेजारी ठेवून ऐकला. तो कानाच्या खोलगट भागात नुसता टेकतो. त्यात बेस कमीच, पण मान वळवली तरी तो फारसा बदलत नाही, आणि बोलण्याचा आवाज स्वच्छ येतो. रस्त्यावर चालताना आजूबाजूचे ऐकू येते, हा त्याचा खरा गुण. दोन्ही खोक्यांवर मात्र ‘13 मिमी ड्रायव्हर, डीप बेस’ असे एकच वाक्य आहे. ड्रायव्हर मोठा असला म्हणून उघड्या कानात खोल बेस उतरत नाही. खोक्यावरचा ‘20 ते 20,000 हर्ट्झ’ हा आकडाही, आवाजात अधिक-उणे किती डेसिबलचा चढउतार धरून, हे सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

दुसऱ्या प्रकारच्या लंबगोल, जरा खोल टिपा तक्रारीतल्या बडवर चढवल्या, तर 50 हर्ट्झचा स्वर न दाबता ऐकू येतो. म्हणजे ड्रायव्हर चांगला आहे, आणि याचेच जास्त वाईट वाटते. ऐकण्याजोगी वस्तू आपण सगळ्यात स्वस्त सुट्या भागापायी वाया घालवली आहे. मात्र त्या टिपांनी चार्जिंग केसचे झाकण पूर्ण मिटत नाही, बड चार्जिंगच्या पिनांवर टेकत नाही. त्यामुळे ग्राहकाने बाहेरून टिपा घ्याव्यात, हे उत्तर चालणार नाही.

तरी केसमध्ये मावतील अशा, 10 ते 13 मिलिमीटरच्या चार मापांच्या खोल टिपा विनामूल्य पाठवाव्यात. त्या बसत नसतील, तर बड परत घ्यावेत. ‘सील उघडले’ या कारणाने नकार देऊ नये, कारण कानात घातल्याशिवाय माप कळत नाही. बिनटिपांच्या खोक्यावरचे ‘डीप बेस’ काढावे. पुढच्या वेळी बेसची तक्रार आली, तर रिसेट सांगण्याआधी ग्राहकाला बड बोटाने दाबून पाहायला सांगावे.

लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

कळावे,
आपला ग्राहक