सईच्या पाठच्या बाळाचे नाव

पुणे

चि. मधुरा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली नावांची यादी तुझ्या बाबांनी आणि मी सावकाश वाचली. तिच्यात मुलीसाठी सर्वांत वर 'जुई' आहे आणि मुलासाठी 'साई'. एरवी दोन्ही नावे गोड आहेत, पण सईच्या शेजारी मला ती नकोशी वाटतात. कुकरच्या शिट्टीत स्वयंपाकघरातून हाक मारशील, तेव्हा बाहेरच्या खोलीत फक्त शेवटचा 'ई' पोहोचेल आणि दोघी येतील किंवा एकही येणार नाही. सई आणि साई यांच्यात तर एका कान्याचाच फरक आहे आणि अर्ज भरून घेणारा माणूस तो काना कुठे देईल याचा नेम नाही.

भावंडांची नावे जुळावीत, पण ती यमकाने जुळायला हवीत असे मला वाटत नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता या चौघांच्या नावांत ना यमक आहे, ना आद्याक्षर सारखे, तरीही ती एकाच घरातली वाटतात, कारण निवृत्तीपासून मुक्तीपर्यंत एकच विचार त्यांतून चालत गेला आहे. एवढा विचार आपल्याला साधणार नाही. पण 'सई' हे नाव जुने, छोटे आणि अस्सल मराठी आहे, तेव्हा त्याच्या जोडीला 'ओवी', 'रमा' किंवा 'सोपान' शोभेल. यादीतले 'कियान' मात्र पाहुण्यासारखे वाटते.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाच्या नावापुढे आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहितात. सई त्याआधीची, त्यामुळे तिच्या दाखल्यात तुझे नाव मध्ये नाही. या बाळाच्या नावाला मात्र तू लगेच चिकटणार आहेस. म्हणून 'मीरा मधुरा' असे मोठ्याने म्हणून बघ. सईसोबत मीरा छान जुळते, पण तुझ्यासोबत बडबडगीत होते. 'ओवी मधुरा' सरळ म्हणता येते.

पत्रिकेचे अक्षर जन्मवेळेवरूनच ठरेल. रोहिणी नक्षत्र निघाले तर ओ, वा, वी, वू यांपैकी एक येईल आणि ओवी आपोआप बसेल. नाहीतर राशीनाव पत्रिकेपुरते वेगळे ठेवता येते. मुलगा की मुलगी हे आधी कळणार नाही, तेव्हा दोन्ही नावे तयार असू देत. दवाखान्यातून घाई झाली तरी बधू नकोस. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवायही होते आणि वर्षाच्या आत नाव घालायला विलंबशुल्क पडत नाही.

बारशाला कानात नाव सांगण्याचा मान सईच्या आत्याचा आहे. तिच्याही मनात एखादे नाव असेलच, ते पाळण्यापाशी कळण्यापेक्षा आत्ताच फोन करून विचारून घे.

तुझी,
आई